पंचाक्षरींच्या फळीवरची बरणी

शिवाजी पेठेत बॅटरीवाले पंचाक्षरी कुठं बसतात असं विचारलं, की सांगणारा पत्त्याला एक खूण जोडतोच. "ते अंडंवाले स्वामी व्हय? तालमीच्या फुडच्या बोळात बगा."

नवखं गिऱ्हाईक हसतं, आणि दुकानात पाय टाकल्यावर त्याचं हसू जागच्या जागी राहतं. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात ॲसिडनं चाळण झालेला खाकी सदरा. जंगमाच्या घरात जन्मलेला, साठी जवळ आली तरी अंडं जिभेला न लागलेला माणूस. आणि त्याच्या डोक्यावरच्या फळीवर, डिस्टिल वॉटरच्या कॅनला लागून, घट्ट झाकणाची काचेची बरणी. आत एक अंडं.

पेठेनं आपापल्या परीनं तर्क लढवले. कुणी म्हणालं, करणी उतरवायला ठेवलंय. कुणी म्हणालं, स्वामी आतल्या आत बाटले. पंचाक्षरींनी कुणाला उत्तर दिलं नाही. द्यायचं तर जोतीरामांच्या घरगाडीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ती गोष्ट दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती.

पंचाक्षरी या धंद्यात आले शहाऐंशी साली. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, लग्नाच्या वरातीचे जनरेटर, ज्याची बॅटरी बसली तो त्यांच्याकडं यायचा. तेव्हाच्या बॅटरीला वरती सहा बुचं असत. बुचं काढायची, पाणी बघायचं, चार्जिंगला लावायची. काही तासांनी आत बारीक उकळी फुटायची. बाई दूध चुलीवर ठेवून दुसऱ्या कामाला लागते, पण तिचा कान दुधाकडंच असतो. तसे पंचाक्षरी एकीकडं कुणाशी बोलत असले तरी त्यांचा कान त्या उकळीकडं असायचा. कुठला सेल दमलाय, कुठला भरला, हे ते नुसतं ऐकून सांगत. आणि ती बॅटरी बिचारी सोसणारी होती. चार्जिंग जास्त झालं तर पाणी आटायचं, एवढंच. पाणी घातलं की झालं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सीलबंद बॅटऱ्या आल्या. टेलिफोनच्या ऑफिसात, दवाखान्यात, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली. आत ॲसिड मोकळं नसतं, काचेच्या तंतूंच्या पातळ गाद्यांत मुरवलेलं असतं. बूच नाही, पाणी घालायचं नाही, आडवी केली तरी सांडत नाही. पंचाक्षरी तिला मुकी बॅटरी म्हणायचे. कान लावला तरी काही सांगत नाही. तिच्याबरोबर एक इंग्रजी पत्रक आलं होतं, ते त्यांनी घडी करून खणात टाकलं. बॅटरी ती बॅटरी, बारा-तेरा वर्षं हेच केलंय, पत्रक कशाला वाचायचं, असं त्यांना वाटलं. यात गर्व नव्हता. हाताला काम येत असलं की माणूस कागद बघत नाही, इतकंच.

जोतीराम शिरोली एमआयडीसीत बसच्या बॉड्या बांधायचे. मोठा आवाज, मोठा पंजा, बोलणं सरळ तोंडावर. दोन हजार दोनमध्ये त्यांनी कारखाना पुतण्यांच्या हवाली केला आणि एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात घर बांधलं. दोन बाजूंना दोन बाकं, रात्री तीच अंथरुणं. एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, दोन ट्यूब. पोरबाळ नव्हतं. आता हिला सगळा मुलूख दाखवायचा, एवढा एकच छंद त्यांनी घेतला होता.

ही म्हणजे आक्का, त्यांची बायको. माहेरी थोरली म्हणून आक्का, मग सासरी आणि सगळ्या शिरोलीतही आक्काच. चौथीच्या पुस्तकात तिनं गिरसप्पाच्या धबधब्याचं चित्र पाहिलं होतं, ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. गाडीच्या खिडक्यांना पिवळे पडदे तिनंच शिवले, खाली हिरवी झालर लावून. पंचाक्षरी वायरिंग बघायला गेले की त्यांच्यासाठी ती वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला काढायची, हात धुऊन दूध ओतायची आणि शेजारी केळं ठेवायची. स्वामींना आपल्याकडचं शिजवलेलं चालत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

बॅटरी कुठं बसवायची हा प्रश्न निघाला तेव्हा पंचाक्षरींनीच मुकी बॅटरी सुचवली आणि आक्काच्या बाकाखालची पेटी दाखवली. "हिला पाणी नको, काय नको. घरात ठेवली तरी चालती, आक्का. वाससुदिक न्हाय हिला."

पहिलं वर्ष छान गेलं. जोतिबा, नरसोबाची वाडी, गणपतीपुळे. मग जोतीरामांची तक्रार आली, की पहाटे पंखा मरगळतो. खरं तर गाडी जवळजवळच फिरत होती, बॅटरी पुरती भरतच नव्हती. तिला घरी आणून सावकाश चार्जिंग करायला हवं होतं, आणि गाडी नुसती उभी असतानाही महिन्याकाठी एकदा. पण पंचाक्षरींनी जुन्या बॅटरीला करायचे तेच केलं. इंजिनाजवळच्या कटआउटचा, म्हणजे करंट आवरणाऱ्या डबीचा, स्क्रू अर्धा फेर फिरवला, म्हणजे गाडी चालताना बॅटरीकडं जोरात करंट जावा. अर्धा फेर. चहात साखर थोडी जास्त टाकावी, तितक्या सहज.

दोन हजार तीनची दिवाळी झाली, भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी गिरसप्पाला निघायचं ठरलं होतं. शेवटची नजर टाकायला पंचाक्षरी शिरोलीला गेले. जोतीरामांनी सकाळपासून हातकणंगल्याला दोन खेपा करून गाडी तापवून आणली होती आणि सिलिंडर आणायला ते नुकतेच बाहेर पडले होते. आक्का गाडीत डबे लावत होती.

पंचाक्षरी पायरी चढून आत गेले आणि त्यांच्या नाकात एक वास शिरला. त्यांच्या ओळखीचा नव्हता. गटाराचा नाही, गॅसचा नाही, ॲसिडचा तर नाहीच. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तर शेगडीवरच्या खिळ्याला जाळीची टोपली, टोपलीत डझनभर अंडी. प्रवासाची शिदोरी. त्यांच्या मनानं लगेच जमवलं : अंडी अशी वास मारत असणार. लोक खातात कशी कोण जाणे.

लहानपणी त्यांच्या आईनं एक गोष्ट मुलांच्या अंगी बाणवली होती. दुसऱ्याच्या घरातल्या वासानं आपलं नाक मुरडू द्यायचं नाही. त्यांचं अन्न त्यांना देव आहे, आपण जंगम, आपल्या तोंडावर जे उमटेल ते त्यांना लागतं. म्हणून पंचाक्षरींनी श्वास आवरून घेतला, चेहरा सरळ ठेवला.

आक्कानं हातातला डबा ठेवला आणि त्यांच्याकडं बघितलं. "स्वामी, तुमास्नी कसला वास येतोय का?"

"न्हाय, न्हाय, आक्का. कसला न्हाय."

ती हसली, आणि दूध द्यायला पेला शोधू लागली. पंचाक्षरींनी दूध कसंबसं घेतलं, बाहेर आले, मोकळी हवा छातीत भरून घेतली. आपण पाहुणचाराचा मान राखला याचं त्यांना थोडं बरंही वाटलं.

पाचव्या दिवशी निरोप आला, की आक्का गेली. शिरसीच्या अलीकडं मुक्काम केला होता. सकाळी उठून ती पाण्याची कळशी घेऊन गाडीच्या पायरीवर बसली, ती बसलीच. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाचा झटका म्हणून लिहून दिलं. तिला ब्लडप्रेशर होतं, गोळ्या चालू होत्या, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पंचाक्षरींनाही नाही. ते भेटायला गेले, जोतीरामांच्या शेजारी सतरंजीवर बसले, उठले. गाडी शेडच्या भिंतीला लावलेली होती, पिवळे पडदे ओढलेले.

वास परत आला तो माघात. एका दवाखान्याची सीलबंद बॅटरी त्यांनी आपल्या जुन्या चार्जरवर लावली होती आणि सवयीनं जोर थोडा जास्त ठेवला होता. दुपारी जेवून आले, कुलूप काढलं, आणि उंबऱ्यातच थांबले. दुकानभर तोच वास होता. आक्काच्या गाडीतला. बॅटरीला हात लावला तर चटका बसला. त्यांनी वायर ओढली आणि तिथंच, भर दुपारी, बोळातल्या कट्ट्यावर जाऊन बसले. दुकानात अंड्याची टोपली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी खणातलं पत्रक काढून लेकीपुढं ठेवलं. सौंदर्या तेव्हा बी.कॉम.ला होती. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेली. चौदा पॉइंट चारच्या वर व्होल्टेज चढू देऊ नये. बॅटरी तापल्यास चार्जिंग बंद करावं. बंदिस्त जागेत, झोपायच्या जागेजवळ ठेवू नये, हवा खेळती असावी. मग ती म्हणाली, "आणि अप्पा, सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं. तो गॅस विषारी असतोय."

"सडकं अंडं," पंचाक्षरी म्हणाले. "म्हंजे कसा वास?"

सौंदर्या हसली. तिला तरी कुठं माहीत होतं.

त्या आठवड्यात पंचाक्षरी आयुष्यात पहिल्यांदा अंडं विकत घ्यायला गेले. पेठेत नाही, बसनं लांब, ओळखीचं माणूस भेटणार नाही अशा ठिकाणी. भस्म पुसून, लिंग सदऱ्याच्या आत सारून. दुकानदारानं विचारलं, पावणं, किती देऊ? एक म्हटल्यावर त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, एकच? कोंबडी बसवायची हाय का काय? पंचाक्षरींनी रुमालात गुंडाळलेलं ते अंडं असं जपून आणलं, जणू वाटेत कुणी त्यांच्या हातात दुसऱ्याचं पोर दिलं होतं. दुकानात ते त्यांनी टोचून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, मागच्या पोत्याआड. पंधरा दिवसांनी झाकण काढलं. एकदाच हुंगलं. मग झाकण लावून किती तरी वेळ तसेच उकिडवे बसून राहिले.

त्या दिवसापासून तो वास त्यांच्या मागं लागला. सकाळी पूजेला लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले, की धुपाच्या आतून तो वर यायचा. जेवताना घास हातात धरून ते थांबायचे, मान वळवून हवेत काहीतरी शोधायचे. दुसऱ्याच्या घरी गेले तर आत जाण्याआधी चौकटीशी क्षणभर उभे राहायचे. शिरोलीला कामाला जायचं झालं की बसमध्ये उलट्या बाजूची खिडकी धरायचे. तरी जोतीरामांच्या शेडपाशी मान आपोआप वळायची. भिंतीला ती गाडी, ते पडदे. एकदा पडदा हलला. वाऱ्यानं हलला असणार, काच थोडी उघडी राहिली असेल. पण त्यांना आक्काचा आवाज अगदी स्पष्ट आला. स्वामी, तुमास्नी कसला वास येतोय का? आणि त्यांच्या तोंडानं, भरल्या बसमध्ये, उत्तर दिलं, "न्हाय, न्हाय." शेजारचा माणूस दचकून बघायला लागला.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि तिचीच भीती वाटत होती. आक्काच्या बाकाखालची पेटी. मुकी बॅटरी तापून गॅस सोडायला लागली की तिच्या कुशी फुगतात. पेटी उघडून पाहिली की कळलं. कुशी सरळ असल्या तर त्या दिवशीचा वास दुसरा कसला तरी होता, आणि पंचाक्षरी सुटले. फुगलेल्या असल्या तर आक्कानं ज्याच्यावर भरवसा ठेवून विचारलं, त्या माणसानं तिला खोटं सांगितलं होतं.

शांतादेवींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बरणी सापडली खंडेनवमीला. दरवर्षी त्या दिवशी त्या दुकानात येऊन हत्यारं पुसायच्या, पक्कड, मीटर, चार्जर, सगळ्यांना गंधफूल वाहायच्या. पोत्यामागचा कचरा काढताना काच हाताला लागली. त्यांनी झाकण उघडलं, लगेच बंद केलं, आणि तोंडावर पदर धरून नवऱ्याकडं बघितलं. गेले सात-आठ महिने हा माणूस घरभर काय हुंगत फिरतोय, याचा त्यांनी मनाशी हिशोब मांडला असावा. ओरडल्या नाहीत. झेंडूची फुलं बाजूला ठेवून समोर बसल्या, आणि पंचाक्षरींनी सगळं सांगितलं.

त्यांनी आपली बाजूही सांगितली. मला वाटलं त्यांच्या अंड्यांचा वास. आक्कांना वाईट वाटू नये म्हणून न्हाय म्हणालो.

शांतादेवी निपाणीकडच्या, बोलणं कमी, पण जे बोलतील ते तोलून. त्या म्हणाल्या, "तुमी सैपाकघरात कधी बसला न्हाईसा, म्हणून तुमाला कळलं न्हाई. बाई आपल्या चुलीचा वास दुसऱ्याला इचारत न्हाई. तिला त्यो पाठ असतोय. जो तिचा न्हवं, त्योच ती इचारती."

हे पंचाक्षरींच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस ते समजत होते, की आक्काला शरम वाटून तिनं विचारलं. ती विचारत होती, कारण तिला शंका आली होती. आणि तिनं त्यासाठी नेमका जाणता माणूस निवडला होता.

जा आणि पेटी उघडा, असं शांतादेवींनी सांगितलं. बरणी मात्र त्यांनी फेकली नाही. जिथं होती तिथं ठेवली.

पंचाक्षरी तीनदा निघाले. तिन्ही वेळा शिरोली फाट्यावर उतरून उसाचा रस पिऊन परत आले. असं करत वर्ष गेलं. दोन हजार पाचचं, महापुराचं वर्ष आलं, पुराचं पाणी चढलं, उतरलं. आणि भाद्रपदात एके सकाळी जोतीरामच दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. खांदे उतरलेले, आवाज मात्र तोच.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. गाडी दोन वर्षं उभी आहे, ती विकायला मन धजत नाही. आक्का धबधबा न बघताच गेली. यंदा पाणी चिक्कार असणार. निदान आपण एकट्यानं जाऊन बघून यायचं ठरवलंय. स्वामींनी येऊन बॅटरीचं बघावं.

पंचाक्षरींनी दुसऱ्या एका मेकॅनिकचं नाव सुचवलं. जोतीरामांनी ते ऐकलंच नाही असं केलं आणि बाकड्यावर ठाण मांडलं. दुपारपर्यंत ते हलले नाहीत. शेवटी पंचाक्षरींनी मीटर पिशवीत घातलं.

गाडीचं दार उघडलं तेव्हा आत बंद कापडाचा आणि जुन्या खोबरेल तेलाचा वास होता, दुसरा कसला नाही. खिळ्याला रिकामी जाळीची टोपली. स्टीलचा पेला जागेवर. जोतीराम पेटीची गादी उचलायला वाकले, तशी पंचाक्षरींनी त्यांच्या मनगटाला धरलं.

"थांबा. आधी मला बोलू द्या. पेटी उघडल्यावर बोललो तर बॅटरीनं बोलायला लावलं असं हुईल."

आणि त्यांनी सांगितलं. कटआउटचा अर्धा फेर. खणातलं पत्रक. तो वास. आक्कानं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. त्यांनी अंड्यांचं कारण सांगितलं, पण ते कारण म्हणून वापरलं नाही. बोलताना ते त्या पेल्याकडं बघत होते.

जोतीराम समोरच्या बाकावर बसले. त्यांचं बाक. ते बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

"वास मलाबी आलता, स्वामी. शिरसीच्या अलीकडं गाडी लावली, सांजंला. ती म्हणाली, अवो, वास येतोय. मी म्हटलं, स्वामी बगून गेल्यात न्हवं, काय म्हणलं त्ये? ती म्हणाली, वास न्हाय म्हणलं. मग झोप की, म्हटलं. थंडी हुती, खिडकी मीच लावली." त्यांनी दोन्ही पंजे गुडघ्यांवर दाबले. "तुमी अंडं कधी हुंगलं न्हवतं. मी जन्मापासनं खातोय. त्या सांजंची अंडी चांगली हुती, मीच पोळी करून खाल्ली. वास अंड्याचा न्हाय, हे तुमाला कळलं नसंल. मला कळलं हुतं."

बाहेर कुठंतरी फाउंड्रीचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपली असावी.

"दोन वर्सं ही पेटी उघडली न्हाय मी," जोतीराम म्हणाले. "तुमी याल म्हणून थांबलोतो. एकट्यानं बघायचं धाडस झालं न्हाय."

गादी त्यांनीच उचलली. फळी सरकवली. बॅटरी पेटीत रुतून बसली होती, कारण तिच्या चारी कुशी तव्यावरच्या भाकरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. एका कोपऱ्याला प्लॅस्टिक तडकलं होतं. पंचाक्षरींनी मीटर लावलं नाही. लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"उभ्या गाडीत बॅटरी अशी फुगत न्हाय," ते म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती, कुणी विचारलं नव्हतं. "चालत्या गाडीतच फुगली ही."

"हिच्यामुळंच गेली का ती?"

"ते मला सांगता येत न्हाय. आता कुणालाच येणार न्हाय."

जोतीरामांनी मान हलवली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि पंचाक्षरींनी मागितलीही नाही. दोघांनी मिळून कानशीनं पेटीची कड घासली, बॅटरी ओढून बाहेर काढली आणि शेडमागं लांब ठेवली. हात धुताना जोतीराम म्हणाले, की नवी बॅटरी घाला, पण घरात नको. पायरीच्या बाजूला बाहेरून पेटी करतो, जाळी लावतो, हवा खेळंल. मग पाणी झटकत म्हणाले, "आन् तुमी चलायचं बरूबर. दुसऱ्या कुणाच्या 'न्हाय'वर मी आता झोपायचा न्हाय."

नवी बॅटरी बाहेरच्या पेटीत बसल्यावर पंचाक्षरींनी स्क्रू अर्धा फेर उलटा फिरवला. इंजिन तासभर चालू ठेवून मीटर पाहिलं, चौदाच्या थोडं वर. बॅटरीला तळहात लावून पाहिलं, लेकराचा ताप बघावा तसं. पुन्हा तासभर थांबून पुन्हा पाहिलं. जोतीराम कंटाळले, पण थांबले.

शांतादेवींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दोघं पुरुष निघाले. शिरसीच्या अलीकडं त्याच जागी जोतीरामांनी गाडी थांबवली. मुक्काम तिथंच केला, सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून. पंचाक्षरींनी आक्काच्या बाकावर अंथरूण घातलं नाही, खाली घातलं. सकाळी उठले तेव्हा जोतीराम पायरीवर बसले होते, पाठ करून.

"स्वामी," त्यांनी वळून न बघता विचारलं, "कसला वास येतोय का?"

पंचाक्षरींनी घाईनं उत्तर दिलं नाही. ते उठले. बाहेर जाऊन बॅटरीच्या जाळीशी नाक नेलं, मग आत आले, शेगडी, टाकी, दोन्ही बाकांच्या फळ्या, एकेक कोपरा हुंगला. शेवटी पिवळ्या पडद्याशी थांबले.

"येतोय," ते म्हणाले. "पडद्याला. खोबरेल तेलाचा."

"तो असू दे," जोतीराम म्हणाले.

धबधबा दोघांनी पाहिला.

परत आल्यावर पंचाक्षरींनी पोत्यामागची बरणी काढली, स्वच्छ धुतली, नवं अंडं आणलं, या खेपेला पेठेतूनच, भस्म न पुसता. बरणी फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. दर दोन-तीन महिन्यांनी ते अंडं बदलतात, त्या दिवशी दुकानातच आंघोळ करून घरी जातात. शांतादेवी त्या दिवशी गरम पाण्याची आणखी एक बादली दारात ठेवतात. तो वास त्यांच्या पूजेतून पुरता गेलेला नाही. येतो अधूनमधून. आता ते डोळे उघडत नाहीत, आला तर आला म्हणतात.

आणि सीलबंद बॅटरी न्यायला आलेल्या माणसाची मात्र सुटका नसते. पैसे देऊन तो उठायला लागला, की पंचाक्षरी बरणी खाली घेतात, झाकण जरासं उचलतात आणि त्याच्या नाकाखाली धरतात.

"वास येतोय का?"

समोर जंगम बसलेला, कपाळाला भस्म. आता यांना यांच्याच दुकानात घाण येते म्हणून कसं सांगायचं. गिऱ्हाईक डोळ्यांत पाणी आलेलं असतानाही चेहरा सरळ ठेवतं आणि भिडेखातर म्हणतं, "न्हाय, न्हाय, स्वामी. कसला न्हाय."

पंचाक्षरी बरणी तशीच धरून ठेवतात. तो हो म्हणेपर्यंत झाकण लावत नाहीत.